बुकर टी. वॉशिंग्टन : हाताला हुन्नर, मनाला मान

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? कोणी महाविद्यालयाची वाट धरतो, कोणी कचेरीतील जागेसाठी अर्ज लिहितो, तर कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन यंत्रावर हात बसवितो. यांपैकी तिसरी वाट धरणाऱ्याकडे आपल्या समाजात अद्यापही काहीशा कमीपणाने पाहिले जाते. शिकलेल्याने हात मळवू नयेत आणि ज्याचे हात मळतात तो शिकलेला नसावा, अशी एक समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण भागात, तिच्याशी एका माणसाने आयुष्यभर झुंज घेतली. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्याचे नाव. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

बुकर यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया राज्यातील फ्रँकलिन परगण्यात, बरोज नावाच्या मालकाच्या शेतवाडीवर झाला. आई जेन ही वाडीवरची स्वयंपाकीण. वडील कोणी गोरे गृहस्थ होते, एवढेच पुढे बुकर यांच्या कानी आले. त्यांनी मुलाची कधी विचारपूस केली नाही. मायलेकरांचे घर म्हणजे एकच खोली, आणि तीच साऱ्या वाडीची स्वयंपाकाची जागा. जमीन मातीची. मध्यभागी एक खड्डा असे व त्यात हिवाळ्यासाठी रताळी साठवून ठेवीत. निजण्यासाठी जमिनीवर चिंध्या अंथरीत. शेतात राबणाऱ्यांना पाणी नेऊन देणे, घोड्यावर मक्याची पोती लादून गिरणीत जाणे, मालकाच्या पंक्तीत पंखा हलवून माश्या वारणे, ही या बालकाची कामे होती.

अंगात घालण्यास जवसाच्या वाखाचा जाडाभरडा सदरा मिळे. तो नवा असताना कातडीला शेकडो काटे टोचावेत तसा टोचत असे. थोरला भाऊ जॉन याने एकदा धाकट्याचा नवा सदरा कित्येक दिवस आपण घातला आणि तो मऊ झाल्यावर त्याला दिला. गुलामगिरीच्या त्या काळोखातही माणुसकीची ज्योत कशी तेवत होती, हे या लहानशा गोष्टीवरून कळून येते. हाच जॉन पुढे बुकर यांच्या शाळेत उद्योगविभागाचा प्रमुख झाला.

मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन बुकर अनेकदा शाळेच्या दारापर्यंत जात असत. आत मुले बाकांवर बसून वाचीत आहेत हे दृश्य त्यांना स्वर्गासारखे वाटे. परंतु गुलामांना अक्षरओळख करून देण्यास त्या राज्यात कायद्याने बंदी होती. १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामांना वाड्यासमोर बोलावून मुक्ततेचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला आणि नऊ वर्षांचा बुकर एका दिवसात स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्य मिळाले खरे, पण त्याबरोबर भाकरी मिळाली नाही. सावत्र वडील वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी खारे पाणी आटवून मीठ काढण्याच्या भट्ट्यांवर कामास होते. आई मुलांना घेऊन शेकडो मैलांचा डोंगराळ प्रवास करून तेथे गेली. मुले बहुतेक वाट पायीच चालली. तेथे पोचताच बुकर यांनाही भट्टीवर जुंपण्यात आले. मिठाच्या प्रत्येक पिंपावर कामगाराचा क्रमांक घालीत. सावत्र वडिलांचा क्रमांक १८ होता. तो आकडा ही या मुलाने आयुष्यात ओळखलेली पहिली खूण. पुढे आईने कोठून तरी एक जुने अंकलिपीचे पुस्तक मिळविले. शिकविणारा कोणी नव्हता. तरी काही आठवड्यांत मुलाने बहुतेक अक्षरे आपली आपणच जुळविली.

गावात शाळा निघाली तेव्हा सावत्र वडिलांनी अट घातली की पहाटे चारपासून नऊपर्यंत भट्टीवर काम करावे, मग शाळेस जावे. शाळाही नऊलाच भरे आणि ती दूर होती. वेळेवर पोचता यावे म्हणून हा मुलगा भट्टीच्या कचेरीतील घड्याळाचा काटा रोज अर्धा तास पुढे सारू लागला. शेवटी मुकादमाने घड्याळ पेटीत बंद केले! शाळेत हजेरीच्या वेळी दुसरी अडचण उभी राहिली. इतर मुलांना दोन-दोन नावे होती. याला बुकर एवढेच ठाऊक. मास्तरांची हाक येईपर्यंत त्याने मनाशी निश्चय केला आणि शांतपणे आपले नाव बुकर वॉशिंग्टन असे सांगितले. ज्याचे आडनावही त्याला स्वतःच मिळवावे लागले, त्याला पुढे काहीच आयते मिळाले नाही यात नवल ते काय?

काही काळ कोळशाच्या खाणीत काढल्यावर बुकर यांना जनरल रफनर यांच्या घरी महिना पाच डॉलरवर नोकरी लागली. घरच्या बाई फार कडक, त्यामुळे त्यांच्यापाशी नोकर टिकत नसत. अंगणात कागदाचा कपटा दिसता कामा नये, कुंपणाची निखळलेली फळी तशीच राहता कामा नये, आणि सांगितलेले काम वेळच्या वेळी झालेच पाहिजे, हा त्यांचा बाणा. बुकर तेथे टिकले. आपल्याला मिळालेल्या उत्तम शिक्षणांपैकी हे एक, असे ते पुढे मानीत असत. काम नेटके करणे ही सवय आहे आणि ती लावून घ्यावी लागते, हा पहिला धडा त्यांनी येथे गिरविला.

खाणीत असताना त्यांनी दोन मजुरांचे बोलणे ऐकले होते. व्हर्जिनियात हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी एक मोठी शाळा आहे, तेथे गरीब विद्यार्थ्याला काम करून खर्च भागविता येतो आणि शिवाय एखादा धंदाही शिकविला जातो, एवढे त्यांच्या कानी पडले. हॅम्प्टन कोठे, किती दूर, काहीच ठाऊक नव्हते. १८७२ साली, सोळाव्या वर्षी, ते निघाले. गावातील वृद्ध माणसांनी, ज्यांचा जन्म गुलामगिरीत गेला होता, कोणी एखादे नाणे तर कोणी हातरुमाल त्यांच्या हाती ठेवला. अंतर सुमारे पाचशे मैल. रिचमंड शहरी पोचेपर्यंत पैसे संपले. रात्री रस्त्याकडेच्या लाकडी पदपथाखाली ते भुईवर निजले. डोक्यावरून माणसांच्या पावलांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी बंदरात जहाजावरून लोखंड उतरविण्याचे काम मिळाले. पैसे वाचावेत म्हणून कित्येक रात्री त्यांनी त्या फळ्यांखालीच काढल्या, आणि अखेर हॅम्प्टनला पोचले तेव्हा खिशात पन्नास सेंट उरले होते.

मळक्या कपड्यांतील या मुलाला प्रवेश द्यावा की नाही, हे मुख्य अध्यापिका मिस मॅकी यांना ठरविता येईना. काही तासांनी त्यांनी शेजारची वर्गखोली झाडण्यास सांगितले. बुकर यांनी ती खोली तीनदा झाडली आणि चारदा फडक्याने पुसली. बाईंनी येऊन कोपरे पाहिले, आपला हातरुमाल भिंतींवरून व मेजांवरून फिरविला. धुळीचा कण लागला नाही. हीच त्यांची प्रवेशपरीक्षा, आणि तीत ते उत्तीर्ण झाले. शाळेत झाडलोटीचे काम करून त्यांनी जेवणाखाण्याचा खर्च भागविला. शिक्षणशुल्काचे वर्षाचे सत्तर डॉलर एका दात्याने भरले. संस्थेचे चालक जनरल आर्मस्ट्राँग यांच्या ठायी त्यांना गुरू लाभला. १८७५ साली शिक्षण पुरे करून ते माल्डनला शिक्षक झाले आणि १८७९ मध्ये पुन्हा हॅम्प्टनला शिकविण्यासाठी परतले.

१८८१ साली आर्मस्ट्राँग यांना अलाबामा राज्यातील टस्कीगी गावाहून एक पत्र आले. कृष्णवर्णीय शिक्षक तयार करण्यासाठी शाळा काढावयाची आहे, चालक सुचवावा, अशी मागणी होती. मागणी करणाऱ्यांची अपेक्षा गोऱ्या माणसाची होती. आर्मस्ट्राँग यांनी पंचविशीतील बुकर यांचे नाव सुचविले. ते टस्कीगीला आले तेव्हा शाळा कोठेच नव्हती! राज्य सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते, तेही केवळ पगारासाठी. जागेसाठी किंवा इमारतीसाठी एक छदामही नव्हता. ४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या एका पडक्या झोपडीत तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी, आणि पाठ चालू राही.

शाळा उघडण्यापूर्वी बुकर यांनी खेचराच्या गाडीतून तो मुलूख पालथा घातला होता. कर्जाने पिचलेली कुटुंबे घराच्या दारापर्यंत कापूस पेरीत. भाजीचा वाफा कोठे दिसत नसे. एका घरी पाच माणसांना जेवण्यास एकच काटा होता, पण कोपऱ्यात हप्त्याने घेतलेला महागडा बाजा होता. एकदा एका खोलीच्या झोपडीत, भोवती घाण आणि अंगणात रान माजलेले असताना, तेलकट कपड्यांतील एक तरुण फ्रेंच भाषेचे व्याकरण घोकीत बसलेला त्यांना आढळला. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. फ्रेंच शिकणे वाईट, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. परंतु ज्या विद्येने भोवतीचे जीवन तसूभरही पालटत नाही ती विद्या अपुरी आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

लवकरच शाळेसाठी शंभर एकरांची एक ओसाड वाडी पाचशे डॉलरला मिळाली. निम्मे पैसे हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या पैशातून उसने दिले. जुना तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करून तेथे वर्ग भरू लागले. मग रान तोडून शेती करण्याची वेळ आली, तेव्हा विद्यार्थी कुरकुरू लागले. त्यांच्यापैकी कित्येक जण आधीच शिक्षकी करीत असत; कुऱ्हाड धरणे त्यांना कमीपणाचे वाटले. आईबापांचीही पत्रे येत, की मुलगा पुस्तके शिकण्यास पाठविला आहे, राबण्यास नव्हे. दोनशे वर्षे चाबकाखाली राबलेल्या समाजाला श्रम म्हणजे गुलामगिरी वाटावी, हे स्वाभाविकच होते. बुकर यांनी उपदेश केला नाही. रोज दुपारी शाळा सुटल्यावर ते स्वतः कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढे होत. गुरुजी लाजत नाहीत हे पाहून मुलेही मागे आली, आणि वीस एकर जमीन पेरणीस तयार झाली.

यानंतरची विटांची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. इमारती विद्यार्थ्यांनीच बांधाव्यात असे ठरले होते; पण गावात वीटभट्टी नव्हती. विटा पाडण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. गुडघाभर चिखलात उभे राहून माती तुडविण्याचे काम इतके कष्टाचे, की काही मुले शाळा सोडून गेली. पहिल्या खेपेस सुमारे पंचवीस हजार विटा पाडून भट्टी लावली. भट्टी नीट न रचल्यामुळे ती फसली. दुसरी लावली, तीही फसली. तिसऱ्या भट्टीला हॅम्प्टनला शिकलेल्या शिक्षकांचे साहाय्य मिळाले. आठवडाभर आच द्यावी लागते. आठवडा संपत आला असताना मध्यरात्री ती कोसळली. गाठीला पैसा नव्हता. सहकारी नाद सोडण्यास सांगू लागले. बुकर यांच्यापाशी एक घड्याळ होते. ते माँटगोमेरी शहरी नेऊन त्यांनी गहाण ठेवले, पंधरा डॉलर आणले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली! घड्याळ मात्र पुन्हा सोडविता आले नाही.

या विटांनी दोन कामे केली. त्यांतून शाळा उभी राहिली, हे पहिले. दुसरे अधिक महत्त्वाचे. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळा नको होती, तेच विटा घेण्यास येऊ लागले. माल चांगला होता आणि गावाला त्याची गरज होती. कारागिरीला जात नसते आणि रंगही नसतो, हे ग्राहकाच्या लक्षात आले. पुढे शाळेच्या गाड्या आणि बग्ग्याही पंचक्रोशीत खपू लागल्या. जवळजवळ वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा चाळीस लहानमोठ्या इमारतींपैकी चार सोडून बाकी साऱ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या. त्या बांधताना चुकाही झाल्या. पण चुकत चुकत शिकलेला गवंडी आणि सुतार घेऊनच ती मुले बाहेर पडली.

ज्यांना एक पैसाही भरता येत नसे त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रीचे वर्ग निघाले. असा विद्यार्थी दिवसा दहा तास एखाद्या धंद्यात काम करी आणि रात्री दोन तास शिके. जेवणाखर्च वजा जाऊन जी मजुरी उरे ती शाळेच्या खजिन्यात त्याच्या नावे जमा होई. एकदोन वर्षांनी त्या पुंजीवर तो दिवसाच्या शाळेत येई. प्रारंभी बारा विद्यार्थी होते. पुढे शेकडो झाले. आज ज्याला आपण कामातून शिक्षण म्हणतो त्याची ही पक्की घडी होती. सुतारकाम, लोहारकाम, छपाई, चर्मकाम, शिवणकाम, दुग्धशाळा, शेती असे अनेक विभाग निघाले. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे थोर कृषिशास्त्रज्ञ येथे येऊन शेतकीचे प्रमुख झाले.

हुन्नर म्हणजे अक्षरशत्रुत्व नव्हे, हेही बुकर यांनी दाखवून दिले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने एका एकरात २६६ बुशेल रताळी काढली. बुशेल हे तिकडचे धान्य मोजण्याचे माप. त्या भागातील सरासरी होती ४९. या मुलाने रसायनशास्त्र जमिनीत उतरविले होते. आजूबाजूचे गोरे शेतकरी त्याला रीत विचारण्यास येऊ लागले.

शाळेत येऊ न शकणाऱ्यांचाही त्यांना विसर पडला नाही. १८९२ पासून दरवर्षी शेतकऱ्यांची परिषद भरू लागली. १९०६ साली अवजारे आणि बियाणे लादलेली एक गाडी खेडोपाडी फिरू लागली. शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर गेली. धंदा करणाऱ्यांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून १९०० साली त्यांनी कृष्णवर्णीय व्यावसायिकांचा संघ स्थापन केला. पुढे ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतींच्या साहाय्याने खेड्यांत शाळा बांधण्याची योजना निघाली. बुकर यांच्यामागे ती वाढतच गेली आणि १९३२ पर्यंत अशा शाळांची संख्या पाच हजारांच्या घरात पोचली.

येथवर वाचून हे केवळ यशाचे चरित्र आहे असे कोणास वाटेल. परंतु त्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील प्रदर्शनात बुकर यांनी भाषण केले. आपल्या बांधवांनी आधी उद्योगात पाय रोवावेत, सामाजिक समतेसाठी आज आग्रह धरू नये, असा त्याचा आशय होता. गोऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण त्याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला जात होता, रंगावरून वेगळे डबे आणि वेगळ्या शाळा कायद्याने ठरत होत्या, निरपराध माणसांना झुंडी फासावर लटकवीत होत्या. विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली या धोरणावर कडक टीका केली. मत नाही, न्याय नाही, उच्च शिक्षणही नाही, तर कारागिराने कमावलेले घर तरी कोण राखणार, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. हा प्रश्न खोटा नव्हता. शिवाय टस्कीगीत शिकविलेले काही धंदे कारखान्यांच्या यंत्रांपुढे लवकरच मागे पडले, हेही खरे.

बुकर यांच्या मृत्यूनंतर त्यांचे खाजगी कागद अभ्यासले गेले तेव्हा असे दिसून आले, की मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना ते गुप्तपणे पैसा पुरवीत होते. उघड बोलले असते तर शाळा टिकली नसती, असे त्यांना वाटत असावे. आमच्या मते येथे दोघांचेही ऋण मानावे लागते. हाताला काम नसेल तर हक्क पोकळ राहतो, आणि हक्क नसेल तर हाताचे काम दुसऱ्याच्या मर्जीवर चालते.

अखंड प्रवास आणि निधी गोळा करण्याची दगदग यांनी त्यांची प्रकृती खालावली. १९१५ साली न्यूयॉर्क येथे ते अत्यवस्थ झाले. आपला देह दक्षिणेतच पडावा अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांना आगगाडीने टस्कीगीस आणले, आणि १४ नोव्हेंबर १९१५ रोजी तेथे त्यांचा अंत झाला. त्यावेळी संस्थेत सुमारे पंधराशे विद्यार्थी होते आणि शंभरावर इमारती होत्या. १९८५ साली तिला विद्यापीठाचे नाव मिळाले.

त्यांची कीर्ती आपल्या देशाच्या माणसांपर्यंतही पोचली होती. १९०३ साली दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात त्यांच्या जीवनावर गौरवाचा लेख लिहिला. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून पुढे कमवा आणि शिका हा मार्ग हजारो गरीब मुलांना खुला केला. देश वेगळा, समाज वेगळा. पण गरिबाच्या मुलाने भीक न मागता शिकावे, ही तळमळ एकच.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या वैद्य होईल, कोणी शिक्षक, कोणी तारतंत्री किंवा जोडारी. ज्याला जे शिकावेसे वाटेल ते त्याने शिकावे. गरिबाचा मुलगा म्हणून त्याला हुन्नराकडेच ढकलू नये, आणि हुन्नर निवडला म्हणून त्याला कमीही लेखू नये. मात्र जे काम हाती घ्याल त्याचे कोपरे कोणी रुमाल फिरवून पाहिले तरी धूळ निघू नये, इतके ते नेटके असावे. आणि पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरी कोसळली, तरी चौथीसाठी लागणारे पंधरा डॉलर कोठून आणावेत याचा विचार करण्याची उमेद मनात राहावी, एवढीच आमची तुम्हांकडून अपेक्षा आहे.